गुणिले पस्तीस

माझा पहिला रणगाडा मी गंजाने मढवला होता. चार महिने खपून जोडला, रंगवला आणि शेवटच्या दोन रात्रींत तपकिरी, तांबूस, नारिंगी, हाताला लागतील त्या छटांनी माखून टाकला. जितका जुनाट तितका खरा, असा माझा समज. मग तो मामाच्या हातात गेला. मामाचं आयुष्य डोझर आणि पोकलेन दुरुस्त करण्यात गेलेलं. त्याने मॉडेल उलटं करून आधी पोटाखालून पाहिलं, मग सुलटं केलं आणि विचारलं, "अगं, ही गाडी चालती आहे की भंगारातली?"

"चालती. लढाईतली."

"मग चेन कशी गंजली? चालत्या गाडीची चेन घासून घासून आरशासारखी होते. आणि हे इथे काय झालंय?" त्याने टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाच्या, बाजूवर, ऐन मध्यावर, अंगठा टेकवला. "इथे पाणी साचत नाही, कुणाचा पाय लागत नाही. इथे गंज आला कुठून?"

खरं उत्तर एवढंच होतं की तिथे माझा ब्रश सहज पोचत होता.

दुसरा रणगाडा करायला घेतला तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: कारण सांगता येणार नाही असा एकही डाग नको. त्या वहीत पुढे आणखी एक नियम आला, पण तो एका अपघातातून. ते ओघाने येईलच.

या वेळी निवडला सोव्हिएत टी-३४/८५, १:३५ या प्रमाणातला. हे पस्तीसचं प्रकरण गमतीचं आहे. ना धड दहाच्या पटीत, ना बाराच्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीने पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील असं माप धरलं, आणि नंतर हिशेब केला तर ते खऱ्याच्या साधारण पस्तिसावा हिस्सा निघालं. पुढे तेच रुळलं. बॅटरीच्या आकारावरून अख्ख्या छंदाचं माप ठरलं म्हणायचं.

टी-३४ निवडण्यामागचं माझं कारण मात्र निव्वळ आळशीपणाचं. चाकं मोठी आणि एका बाजूला पाचच. जर्मन टायगरची एकात एक अडकवलेली चाकं जे कुणी रंगवतात त्यांना माझा लांबूनच नमस्कार. खरा टी-३४/८५ तोफेसकट ८.१ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३२ टनांचा. माझ्या टेबलावर तोच २३ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम साडेआठ सेंटिमीटर रुंद होणार होता.

डागाला कारण हवं असेल तर आधी गाडा कुठे आणि कधी उभा आहे ते ठरवायला हवं. मी ठरवलं: बर्लिन, एप्रिल १९४५चा शेवट. एवढं ठरवल्याबरोबर निम्मे प्रश्न आपोआप सुटले. ८५ मिलिमीटर तोफेच्या या प्रकाराचं उत्पादन १९४४च्या सुरुवातीच्या सुमाराला सुरू झालं. म्हणजे यातला अगदी जुना गाडाही बर्लिनमध्ये पोचला तेव्हा फार तर सव्वा वर्षाचा होता. जाड पोलादी चिलखताला इतक्यात पोपडे धरत नाहीत. माझ्या नारिंगी बाटलीचं झाकण त्याच दिवशी घट्ट बंद झालं.

पुढचं असं. १६ एप्रिलला सोव्हिएत सैन्याने ओडर नदीच्या बाजूने हल्ला सुरू केला. नदीकाठची जमीन दलदलीची, त्यामुळे खालच्या भागाला चिखल. मग शहर: पडलेल्या भिंती, विटांचा आणि गिलाव्याचा चुरा, त्यामुळे वरून धूळ. क्रमही ठरला. चिखल आधीचा, वाळलेला. धूळ नंतरची, त्याच्यावर बसलेली. पाठीवर बसून पायदळाचे शिपाई गेलेत, म्हणजे जिथे हात आणि बूट लागले तिथला रंग झिजलेला. एक ब्रश हातात न घेता रणगाड्याचे निम्मे डाग मी वहीत रंगवून मोकळी झाले होते.

जोडणीबद्दल फार सांगत नाही, ती प्रत्येक किटच्या कागदावर चित्रांनी दिलेली असते. भाग प्लास्टिकच्या फ्रेमला लटकलेले असतात. ते निपरने थोडं बोंडूक ठेवून कापायचे आणि उरलेलं सुरीने व पॉलिश पेपरने उतरवायचं. साच्याचे दोन भाग जिथे मिटतात तिथे प्रत्येक तुकड्यावर एक बारीक रेघ उमटते. ती खरवडणं म्हणजे या छंदातलं निवडणं-टिपणं. करताना जीव कंटाळतो, आणि टाळलं तर पहिल्यांदा तेच दिसतं.

पण सिमेंटबद्दल सांगायला हवं, कारण अपघात तिथेच झाला. प्लास्टिकचं पातळ सिमेंट हा गोंद नव्हे. गोंद दोन वस्तूंच्या मधे बसतो. हे सिमेंट प्लास्टिकलाच विरघळवतं आणि दोन्ही कडा एकमेकींत मिसळून पुन्हा कडक होतात, जवळपास वेल्डिंगसारख्या. तुकडे एकमेकांना भिडवून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक फक्त टेकवायचं. थेंब फटीतून स्वतःहून धावतो. फटीवर आपला अंगठा असेल तर अंगठ्याखालीही धावतो.

टरेटचे दोन अर्धे जोडताना माझं हेच झालं. अंगठा उचलला तर टरेटच्या उजव्या गालावर त्याचा ठसा, सरकारी कागदावर शोभेल इतका स्वच्छ. पहिला विचार आला, एवढासा तर आहे, रंगाखाली जाईल. मग भिंगातून पट्टी धरून पाहिलं. ठशातल्या दोन रेषांमधलं अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर. गुणिले पस्तीस, साडेसतरा मिलिमीटर. खऱ्या चिलखतावर बोटाएवढ्या रुंदीच्या सऱ्या, नांगर फिरवल्यासारख्या. वहीतला दुसरा नियम हाच: एखादी गोष्ट लहान म्हणण्याआधी तिला पस्तीसने गुणायचं.

ठसा घासून काढला आणि टरेट छान गुळगुळीत झाला. तेही चूकच. टी-३४/८५चा टरेट वाळूच्या साच्यात ओतलेला असे, आणि युद्धाच्या घाईत तो साफसूफ करत बसायला कुणाला वेळ होता? जुन्या फोटोंत त्याची पाठ देवी आलेल्या चेहऱ्यासारखी खरबरीत दिसते. तो पोत आणण्यासाठी पुट्टी, म्हणजे रंगारी जिला लांबी म्हणतात तसलीच पण मॉडेलसाठीची, थिनरने पातळ केली आणि केस झडलेल्या जुन्या ब्रशने टोचून टोचून लावली. वाळल्यावर मोठ्या हौसेने पाहिलं, तर उंचवटे जवळजवळ पाव मिलिमीटरचे. गुणिले पस्तीस, नऊ मिलिमीटर. हा ओतीव टरेट नव्हता, वारूळ होतं. पॉलिश पेपरने हलकेच खाली आणत आणत दोन संध्याकाळी गेल्या. पण त्या घासण्याने एक चांगलं झालं: उंचवट्यांचे माथे सपाट आणि खड्डे तसेच राहिले, आणि ओतकाम खरं तर असंच दिसतं.

गंमत पुढे आहे. खऱ्या ओतीव टरेटवरही साच्याची जोडरेषा राहून जायची. म्हणजे किटच्या साच्याची रेघ मी नखं झिजवून काढली, आणि कारखान्याच्या साच्याची रेघ दुसऱ्या जागी मुद्दाम उभी केली.

खालचा हल, म्हणजे गाड्याचं धड, मात्र गुळगुळीतच ठेवला. तो सपाट पत्र्यांचा, वेल्डिंग करून जोडलेला. समोरचा पत्रा ४५ मिलिमीटरचा, उभ्या रेषेपासून ६० अंश मागे कललेला. त्या कलण्यामुळेच समोरून येणाऱ्या गोळ्याला तो दुप्पट जाड पडतो. वेल्डिंगचे सांधे केले फ्रेमच्याच टाकाऊ तुकड्यांचे. मेणबत्तीच्या आचेवर प्लास्टिक मऊ करून दोन्ही हातांनी ओढलं की केसासारखी तार निघते. ती सांध्यावर ठेवायची, सिमेंटने मऊ करायची आणि सुरीच्या पात्याने एकमेकींना लागून आडव्या खुणा दाबत जायच्या. पाच सेंटिमीटरचा सांधा करायला अर्धा तास. मामाला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "वेल्डर शिकाऊ दिसतोय." मी ते कौतुक म्हणून घेतलं. युद्धकाळात त्या कारखान्यांत शिकाऊ हात कमी नव्हते.

हलच्या आणि टरेटच्या बाजूंना पायदळासाठी धरायच्या दांड्या असतात. किटमधल्या एक मिलिमीटर जाड होत्या, म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर. धावत्या गाड्यावर थंडीतले हातमोजे घालून धरायला जाडच. त्या काढून अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार वाकवून लावली. प्लास्टिकचं सिमेंट तांब्याला विरघळवत नाही, तिथे सुपरग्लूच हवा. इंजिनावरची पितळी जाळीही तशीच चिकटवली, आणि तशीच एकदा उडून पलंगाखाली गेली. ती शोधायला टॉर्च आणि पाऊण तास.

ट्रॅकला, म्हणजे मामाच्या भाषेतल्या चेनला, मी दहा दिवस दिले आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

एका बाजूला ७२ कड्या. एक सपाट, एक आतून शिंग असलेली, पुन्हा सपाट. टी-३४च्या मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या चाकाला, नेहमीसारखे दाते नसतात. त्याच्या कडेत आडवे रोलर असतात आणि ते कड्यांच्या शिंगांना ढकलत गाडा पुढे नेतात. मॉडेलमध्येही प्रत्येक शिंग बरोबर दोन रोलरांच्या मधे यावं लागतं. एक कडी चुकली की पुढचं सगळं चुकतं, आणि ते चौथ्या-पाचव्या कडीपाशी कळतं.

त्याहून अवघड म्हणजे ट्रॅकचा झोल. वॉल्टर क्रिस्टी या अमेरिकन अभियंत्याकडून सोव्हिएतांनी १९३०च्या सुमाराला दोन गाडे घेतले होते. त्यांच्या चाकांची रचना पुढे बीटी या सोव्हिएत रणगाड्यांमार्फत टी-३४पर्यंत आली. चाकं मोठी, स्प्रिंगा हलच्या आत, आणि ट्रॅकला वरून आधार द्यायला वेगळे रोलर नाहीत. त्यामुळे ट्रॅकचा वरचा पट्टा थेट चाकांच्या माथ्यावर टेकतो आणि दोन चाकांमध्ये आपल्या वजनाने खाली येतो. माझ्या कड्यांना वजनच नाही. अशाच लावल्या असत्या तर तंबोऱ्याच्या तारेसारख्या ताठ राहिल्या असत्या, आणि ३२ टनांचा गाडा खेळण्यातला दिसला असता.

उपाय वेळेचा आहे. कड्या चिकटपट्टीवर सरळ ओळीत मांडायच्या, सांध्यांना सिमेंट लावायचं आणि अर्धा तास थांबायचं. तेवढ्यात सांधे धरतात पण कडक होत नाहीत. तेव्हा अख्खी पट्टी उचलून चाकांभोवती गुंडाळायची, आणि वरून खाली दाबून हलच्या कडेखाली कापसाचे बोळे कोंबायचे, म्हणजे झोल तसाच वाळतो. लवकर उचललं तर कड्या हातात सुट्या होतात. उशीर केला तर मोडतात. मी दोन्ही करून पाहिलं.

डावी बाजू जमली. उजवीकडे शेवटची कडी बसेना. दीड मिलिमीटर कमी पडत होता, आणि एक कडी वाढवली तर झोल चाकाच्या कुशीत शिरत होता. रात्री अकराला मामाला फोन.

"आयडलर चिकटवलास का?" आयडलर म्हणजे ट्रॅकच्या पुढच्या टोकाचं, ताण देणारं चाक.

"काल. पण पूर्ण वाळला नसेल."

"मग त्याला मागे घे. खऱ्या गाडीत तरी दुसरं काय करतात? आमच्याकडे ग्रीस भरून आयडलर पुढे ढकलतात, ग्रीस सोडून मागे घेतात. तुझ्याकडे ग्रीसचं निपल नाही एवढंच."

टी-३४चा आयडलर पुढच्या बाजूला एका वाकड्या हातावर बसवलेला असतो, आणि ट्रॅकचा ताण खरोखरच तो हात फिरवून बदलत. मी चिमट्याने हळूच फिरवला. दीड मिलिमीटर मिळाला. कडी बसली. दोन्ही बाजूंचे आयडलर आता किंचित वेगवेगळ्या कोनांत आहेत, आणि वापरलेल्या गाड्याचे असतातच.

इथे एक कबुली. हलच्या मागच्या बाजूला, ट्रॅकच्या आतल्या अंगाला, किटमध्ये एक छोटी तिरकी पट्टी होती. मला वाटलं साच्याचा दोष आहे; खरवडायला सुरीही टेकवली होती. मग जुन्या फोटोंतही ती दिसली. टी-३४च्या कड्या जोडणाऱ्या पिना आतल्या बाजूने घातलेल्या असत आणि त्यांना रोखून धरणारं आतून काही नसे. चालता चालता पिन आत सरकायची, आणि स्प्रॉकेटजवळून जाताना या पट्टीवर आपटून पुन्हा जागेवर बसायची. हे वाचल्यावर मी सुरी खाली ठेवली आणि बराच वेळ नुसती त्या पट्टीकडे बघत बसले. मामाला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला.

रंग. आधी राखाडी प्रायमर, म्हणजे प्लास्टिक, तांबं, पितळ, पुट्टी सगळं एका पातळीवर येतं आणि न घासलेल्या रेघा बोंब मारायला लागतात. मग हिरवा. सोव्हिएत गाड्यांच्या रंगाला ४बीओ म्हणत. त्याची नेमकी छटा कोणती यावर मॉडेल करणारी माणसं जेवढी भांडतात तेवढी भावकीतही कुणी भांडत नसेल. मी त्या भांडणात शिरले नाही, कारण बाटलीतला अचूक रंगही टेबलावर चुकतो. मॉडेल डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरलं तर ते साडेदहा मीटरवरून खरा गाडा पाहण्यासारखं आहे, आणि एवढ्या अंतरावरून रंग थोडा फिका दिसतो. म्हणून बाटलीतल्या हिरव्यात थोडा पिवळट करडा मिसळला. खालच्या बाजूंना मूळ रंग, वरच्या सपाट पृष्ठांना आणखी एक हलका हात.

एअरब्रश ०.३ मिलिमीटर नोझलचा, दाब १५ पीएसआयच्या आसपास, रंग दुधाइतका पातळ. खिडकी उघडी आणि तोंडावर फिल्टरचा मास्क. हे दोन्ही वासासाठी नाही, फुप्फुसांसाठी. पहिला हात मी फार लांबून मारला. रंग हवेतच वाळून पृष्ठभागावर भुकटीसारखा बसला. हात फिरवला तर खरखर. गुणिले पस्तीस करायची हिंमतच झाली नाही. तो सगळा ओल्या, बारीक पॉलिश पेपरने उतरवून दुसऱ्या दिवशी जवळून, पातळ, तीन हातांत पुन्हा रंगवला.

बर्लिनच्या लढाईत मित्रराष्ट्रांच्या विमानांना आपला गाडा ओळखू यावा म्हणून सोव्हिएत रणगाड्यांच्या टरेटभोवती पांढरा पट्टा आणि छतावर पांढरा क्रॉस काढत. माझा पट्टा मी मास्किंग टेप लावून मारला. टेप काढली तेव्हा कडा पात्यासारखी सरळ. दहा मिनिटं स्वतःवर खूश होते. मग वहीकडे नजर गेली. रणांगणावर टेप कुठली? कुणीतरी डबा आणि ब्रश घेऊन टरेटवर चढलं असेल, खाली दुसरा घाई कर म्हणून ओरडत असेल. पट्टा पुसला आणि हाताने पुन्हा रंगवला, कुठे जाड, कुठे खालचा हिरवा दिसणारा, दांडीच्या मागे ब्रश न पोचल्यामुळे अर्धवट. खालून हेअर स्प्रेचा एक थर दिला होता. त्याच्यावरचा ॲक्रिलिक रंग ओल्या ब्रशने घासला की सुटतो. तसा तो फक्त दांड्यांच्या आसपास, हात लागतील तिथेच सोडवला. मला अख्ख्या पट्ट्याचे पोपडे काढायचा मोह झाला होता, फार सुंदर निघत होते. पण तो रंग दोन आठवड्यांपेक्षा जुना नव्हता.

आकडे आणि खुणा पाण्यात भिजवून सरकवायच्या स्टिकरच्या असतात. त्याखाली आधी चकचकीत वॉर्निश, नाहीतर कडांना हवा राहून चंदेरी चमक येते. एवढं सांभाळलं की ते काम होऊन जातं.

मग डाग. इथे मी मुद्दाम हळू गेले, एका बैठकीत एकच कारण. तैलरंगातला बर्न्ट अंबर व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून सांध्यांच्या आणि बोल्टांच्या कडेने सोडला. तो खाचेत धावतो आणि सावली पडते. खालचा रंग ॲक्रिलिक असल्यामुळे स्पिरिट त्याला उचलत नाही. ओघळांसाठी तैलरंगाचे अगदी बारीक ठिपके देऊन सपाट ब्रशने सरळ खाली ओढले. पाणी जिथून खाली येईल तिथूनच: झाकणाच्या बिजागरीखालून, दांडीच्या टोकाखालून. पुढच्या कललेल्या पत्र्यावरचा ओघळ पत्र्याच्या उतारानेच येतो हे माझ्या हाताला कळायला तीन वेळा पुसावं लागलं.

धातूचे ओरखडे स्पंजच्या तुकड्याने. एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा घाव, हे डोक्यात ठेवलं की स्पंज फार टेकवला जात नाही. मागच्या पत्र्यातून दोन एक्झॉस्ट पाइप बाहेर येतात. तिथे गंज चालतो, कारण तापलेल्या लोखंडावर रंग टिकत नाही, आणि त्याखाली डिझेलची काजळी. नारिंगी बाटली एवढ्यासाठीच उघडली आणि लगेच बंद केली. ट्रॅक गडद तपकिरी करून जमिनीला टेकणाऱ्या कडांवर आणि चाकं फिरतात त्या वाटेवर ६बी पेन्सिल घासली. शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटला पोलादाची जशी चकाकी येते तशी कुठल्याही चंदेरी रंगाला येत नाही.

चिखल प्लास्टर आणि पिगमेंट पावडरचा, चाकांच्या वर कधीच नाही. धुळीसाठी विटकरी पावडर कोरड्या ब्रशने पसरून स्पिरिटचे थेंब सोडले. ओलं असताना झकास दिसत होतं. सकाळी पाहिलं तर रणगाडा गुलाबी. पिगमेंट वाळल्यावर उजळतं हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि हात आवरणं वेगळं. स्पिरिटने बराचसा पुसला आणि विटकरीत भरपूर राखाडी मिसळून, गिलाव्याची समजून, पुन्हा लावला. खाचांत थोडा गुलाबी राहिलाय. तो मी राहू दिला.

एका रविवारी मामा आला. चष्मा कपाळावर ढकलून त्याने गाडा डोळ्यांजवळ नेला. पिना ठोकणाऱ्या त्या तिरक्या पट्टीवर आधी नजर, मग चेनवर अंगठा. झोल बघितला. एक्झॉस्ट बघितला, काही बोलला नाही. टरेटच्या बाजूवर, मागच्या वेळी जिथे अंगठा टेकवला होता तिथे, पुन्हा टेकवला. तिथे आता फक्त ओतकामाचा पोत होता. मग गाडा समोरून धरला.

"ड्रायव्हर आत कुठून जातो?"

"समोरून. हे झाकण आहे ना पत्र्यात, त्यातूनच."

"म्हणजे चिखलातून येतो, या मडगार्डवर पाय देतो, इथून चढतो आणि आत शिरतो."

"हो."

"रोज?"

मी पत्र्याकडे पाहिलं. ओघळ होते, धूळ होती, झाकणाभोवती नीट सोडलेली सावली होती. मडगार्डपासून झाकणापर्यंत एकही पाऊल नव्हतं. माझ्या गाड्यात ड्रायव्हर उडून बसत होता.

मामा हात धुवायला गेला. मी चिखलाची डबी पुन्हा उघडली आणि पट्टी घेतली. बूट धरला तीस सेंटिमीटरचा. भागिले पस्तीस, साडेआठ मिलिमीटर.